डाळिंबाची खरी हकिगत

माझ्या धाकट्या भावाने आमच्या परसातल्या डाळिंबाची हकिगत रहिमतपुरात निदान दहा ठिकाणी सांगितली आहे. ती अशी, की मी झाडाला शास्त्रशुद्ध ताण दिला होता, सुनेने अजाणतेपणी मध्येच पाणी घालून तो मोडला, त्यामुळे झाड वाळले, आणि मग वाचण्यासारखे जेवढे उरले होते तेवढे मी माझ्या विद्येने वाचवले. या हकिगतीत माझा गौरव आहे. तरीही ती चुकीची आहे, आणि चुकीची गोष्ट केवळ माझ्या बाजूची आहे म्हणून ती चालू देणारा मी माणूस नव्हे. माझा मुलगा दुसरीच हकिगत सांगतो. त्याच्या मते म्हाताऱ्याने हट्टापायी आईचे झाड मारले. तीही चुकीची आहे, आणि तिचाही समाचार मी घेणार आहे.

मी शेतीखात्यात एकतीस वर्षे काढली. त्यातली अकरा माण तालुक्यात. डाळिंबाला ताण कसा द्यावा हे मी तिथल्या बांधाबांधावर उभा राहून शिकवले आहे. ठरवून झाडाचे पाणी तोडायचे, पाने पिवळी पडून गळू द्यायची, झाड उपाशी ठेवायचे आणि थंडी सरता सरता पहिले पाणी सोडायचे. मग झाड एकाएकी जागे होते आणि पालवी व कळी एकदमच धरते. बागायतदार याला बहार धरणे म्हणतात. बाहेरच्या माणसाला यात क्रूरपणा दिसतो. माझ्या मुलालाही दिसतो. तो साताऱ्याला एका कंपनीत संगणकावर काम करतो आणि डाळिंब सोललेलेच ओळखतो.

हे झाड मात्र माझे नव्हते. त्याची गुटी, म्हणजे फांदीला मुळे आणून केलेले कलम, माझ्या पत्नीने तिच्या माहेरून, माणातूनच, ओल्या फडक्यात गुंडाळून आणली होती. तिच्या वडिलांच्या बागेतली ती जात. पुढे तेल्या रोगाने ती बाग गेली, मेहुण्यांनी झाडे मुळासकट काढून जाळली, आणि आता त्या जागी ज्वारी होते. म्हणजे त्या बागेतले जिवंत असे एकच झाड जगात उरले होते, आणि ते आमच्या स्वयंपाकघराच्या मागे होते. तीन खोडांचे, माणसापेक्षा थोडे उंच. मागची दोन वर्षे त्याला मोजकीच फळे धरली आणि तीही झाडावरच तडकली.

गेल्या मार्गशीर्षाच्या सुरुवातीला पत्नी न्हाणीघराच्या पायरीवरून घसरली आणि खुब्याचे हाड मोडले. मुलगी सांगलीला असते, म्हणून शस्त्रक्रिया तिकडेच करायचे ठरले, आणि नंतरचे अडीच महिनेही तिने मुलीकडेच राहावे असे डॉक्टरांनी सांगितले. गाडीच्या मागच्या आसनावर तिला आडवी निजवली होती. वेदनेने तिचे ओठ पांढरे पडले होते. तशा स्थितीत तिने मला खिडकीशी बोलावून घेतले आणि म्हणाली, “डाळिंबाचं पानी चुकवू नका.”

मी बरे म्हणालो.

बरे म्हणणे म्हणजे वचन देणे नव्हे, असे मी तेव्हा मानले. माझ्या मनात वेगळेच होते. ती परत येईल तेव्हा माघ सरत आलेला असेल, आणि त्या वेळी ते झाड बुडख्यापासून शेंड्यापर्यंत लाल कळ्यांनी भरलेले तिला दिसावे, असे मला वाटत होते. हे मी कुणालाही सांगितले नाही. तिला तर नाहीच.

मार्गशीर्षी पौर्णिमेला मी पाणी तोडले आणि घरातही तसे बजावले. रहिमतपुरातली जमीन काळी, खोल. तिच्यात ओल फार दिवस टिकते. अशा जमिनीला पन्नास दिवसांचा ताण लागतो. पहिले पाणी वसंत पंचमीला. हिशेब बिनचूक होता, आणि आजही त्या प्रकारच्या जमिनीसाठी मी तोच सांगेन.

पंधरा-वीस दिवसांनी एका सकाळी स्वयंपाकघराच्या बाजूच्या खोडापाशी माती मला ओली दिसली. तांदूळ धुतलेले पाणी होते ते. मातीवर पांढुरकी साय धरली होती. सुनेला बाहेर बोलावले. भाऊ नेहमीप्रमाणे चहाला आलेला होता आणि ओट्यावर बसून ऐकत होता, हे मला ठाऊक होते. तरीही मी आवाज चढवला. घरातल्या शिकलेल्या माणसांना एकदा सांगितलेले कळत नाही काय, असे विचारले.

“रोज एक तांब्याच घालते, मामा,” ती म्हणाली. “आत्यांनी फोनवर सांगितलं होतं.” सासूला ती आत्या म्हणते.

“इथं आत्या नाहीत. इथं मी आहे.”

तिने मान हलवली आणि आत गेली. त्या दिवसापासून तांदळाचे पाणी मोरीत जाऊ लागले. हे वाक्य मी मुद्दाम स्वतंत्र लिहितो, कारण भावाच्या हकिगतीत ते नसते.

वसंत पंचमीला मी आळे बांधले, शेणखत घातले आणि पहिले पाणी दिले. तोवर झाडावर एक पान राहिले नव्हते. ते तसेच असायला हवे होते. आठव्या ते दहाव्या दिवशी फांद्यांवरचे पालवीचे डोळे फुगायला हवेत. पत्नीचे येणे महाशिवरात्रीच्या दुसऱ्या दिवशी ठरले होते. मधे तेवीस दिवस होते.

त्या तेवीस दिवसांत परसात जे जे घडले ते मी इतक्या बारकाईने पूर्वी कधी पाहिले नव्हते. आंबा मोहोराने इतका जड झाला, की खालच्या फरशीवर चिकटा पडून चप्पल उचलताना आवाज येई. शेवगा पांढरा झाला. कढीपत्त्याच्या काळपट दांड्यांना पोपटी टोके फुटली, आणि ती दिवसागणिक नव्हे तर सकाळ-संध्याकाळ लांबत होती. जांभळा शिंजीर पक्षी शेवग्यात शिरून फुले उलटीपालटी करी. लिंबाची एवढीशी फुले. पण दुपारी वारा पडला की त्यांचा वास न्हाणीघरापर्यंत येई. कोकिळाने अजून गळा मोकळा केला नव्हता. एक सूर काढून तो गप्प होई. कडुनिंब पिवळा पडून गळत होता आणि त्याच वेळी त्याच्या टोकांना तांबूस पालवी दिसत होती. इतर वर्षी या सगळ्याने माणसाला बरे वाटते. मला त्या वर्षी प्रत्येक फुटलेला डोळा तक्रारीसारखा दिसत होता. सगळी बाग हलत होती आणि मधोमध तीन काळ्या काठ्या उभ्या होत्या.

दहावा दिवस गेला. बारावा गेला.

रोज चार वाजता सांगलीहून फोन येई, चित्र दिसणारा. मुलगी फोन धरी आणि पत्नी उशांना टेकून बसलेली असे. तिला परस बघायचे असे. मी तिला मोहोर दाखवला, शेवगा दाखवला, मोगऱ्याची छाटणी दाखवली. डाळिंब विचारले की मी म्हणे, ताणावर आहे, अजून पानावर नाही. मी खोटे बोललो असे मुलगी आता म्हणते. मी एकही शब्द खोटा बोललो नाही. मी फोन धरताना पाठ डाळिंबाकडे ठेवत नसे आणि तोंडही त्याच्याकडे करत नसे, एवढेच. ते माझ्या डाव्या हाताला, चौकटीच्या बाहेर राही.

तेराव्या दिवशी भाऊ झाडाभोवती एक फेरी मारून माझ्यासमोर उभा राहिला.

“दादा, आख्ख्या माणाला तुमी झाडं जगवायला शिकवलं,” तो म्हणाला. “आन् घरचं येवढं एक फासावर दिलं व्हय?”

मी त्याला सांगितले, की डाळिंबातले त्याला कळत नाही, त्याने आपला ऊस बघावा. तो हसला आणि चहा प्यायला. पण जाता जाता दारात थांबला, काहीतरी आठवल्यासारखे केले आणि मोठ्याने म्हणाला, “आवं, सूनबाईनं मधी पानी घातलं न्हवतं का? ताण मोडला तितंच. तुमचं काय बी चुकलं न्हाई.”

सून दारामागे भांडी लावत होती. भांड्यांचा आवाज थांबला आणि पुन्हा सुरू झाला.

मी होय म्हणालो नाही, नाहीही म्हणालो नाही. त्या हकिगतीचा जन्म तिथे झाला, आणि तिला मी माझ्या मौनाने दूध पाजले. सून दुसऱ्या दिवसापासून धुणे पुढच्या अंगणात वाळत घालू लागली. परसात तिचे पाऊल पडेनासे झाले. ताटात भाजी पूर्वीइतकीच वाढली जाई, ‘मामा, अजून घ्या’ असेही ती म्हणे. पण म्हणताना तिचे डोळे माझ्या ताटावर असत.

त्या रविवारी मुलगा करवत घेऊन परसात आला. त्याचे म्हणणे त्याने नीट मांडले होते. आई चालायला अजून कचरते आहे, मन हळवे झाले आहे, माहेरचे झाड वाळलेले बघून तिला धक्का बसेल. त्यापेक्षा ते आजच काढू, तिथे गुलाबाच्या कुंड्या ठेवू आणि कीड लागली होती असे सांगू.

मी नखाने साल खरवडून पाहिली. पहिले खोड तपकिरी, कोरडे. दुसरेही तसेच. तिसऱ्याला, स्वयंपाकघराच्या बाजूच्या, गुडघ्याच्या वर काही नव्हते. पण खाली नखाशी दोऱ्याएवढी हिरवी रेघ लागली. ती मी मुलाला दाखवली. त्याने वाकून पाहिले आणि म्हणाला, “ती कुठेही लागेल, आबा. मेल्यावरही दोन दिवस लागते.”

“मी असेपर्यंत या झाडाला हात लावायचा नाही.”

“आईला कळणारच आहे,” तो म्हणाला. आवाज त्याने चढवला नाही. चढवला असता तर मला उत्तर देणे सोपे गेले असते. “ते आज कळू नये, एवढंच तुम्हाला पाहिजे.”

मी झाड आणि तो यांच्या मधे उभा राहिलो.  शेवटी त्याने करवत भिंतीला टेकवली आणि तो आत निघून गेला. माझ्या डोळ्यांत त्या वेळी पाणी होते, असे त्याने सांगलीला कळवले. माघातल्या उन्हात आंब्याच्या मोहोराने माझे डोळे दरवर्षी चुरचुरतात. हे घरात सर्वांना माहीत आहे.

तो गेल्यावर मी कुदळ घेतली. दिलेले पाणी मुळांपर्यंत पोचते आहे की नाही, एवढेच मला बघायचे होते. पहिल्या खोडापासून दोन हातांवर खणायला सुरुवात केली. वीतभर काळी माती निघाली, आणि मग कुदळीचा आवाज बदलला. खाली पिवळा मुरूम होता. आणखी खणले, मुरूमच. त्यात अर्धे मंगळुरी कौल निघाले, विटेचा तुकडा निघाला.

मी खड्ड्याच्या काठावर उकिडवा बसलो आणि मला सगळे स्वच्छ आठवले. घर बांधले तेव्हा परसाचा हा कोपरा खोलगट होता, पावसाळ्यात पाणी तुंबे. तो भरून घेण्यासाठी मुरमाच्या ट्रॉल्या मीच आणवल्या होत्या. वर ओढ्याची काळी माती मीच पसरली होती, बाग दिसावी म्हणून. पत्नीने गुटी लावली ती त्या भरावावर. मुरमात ओल टिकत नाही. मुरमावरच्या झाडाला महिन्यापेक्षा कमी ताण पुरतो. पन्नास दिवसांत ते मरते. माणात एका शेतकऱ्याने नेमकी हीच चूक केली होती, आणि भर बैठकीत मी त्याला उभे करून विचारले होते, की खड्डा घेऊन जमीन न बघता दिवस ठरवलेस कसे? तो बिचारा खाली बघत उभा राहिला होता. मला त्याचा चेहरा आठवला. त्याच्या बागेचे पुढे काय झाले ते मात्र मी कधी विचारलेच नव्हते.

मग मी तिसऱ्या खोडाच्या बाजूने खणले, कुदळ ठेवून खुरप्याने. तिथे मुळांना पांढरी तंतुमुळे होती, बारीक, ओलसर. दुसऱ्या बाजूची मुळे बोटांत धरताच मोडत होती. जिथे रोज तांदळाचे तांब्याभर पाणी पडले होते तेवढेच झाड जगले होते. ते पाणी मी बंद केले होते. आणखी पंधरवडा ते चालू राहिले असते, तर दुसरेही खोड बहुधा वाचले असते.

तेव्हा मुलाला माझे उत्तर असे आहे. हट्टाने झाड मेले नाही. ताण ही पद्धत चुकीची नाही. झाड माझ्या विसरण्याने मेले, आणि ज्याला सगळे माहीत आहे अशी ज्याची ख्याती असते, त्याच्या विसरण्याला कुणी अडवत नाही. एकीने अडवले होते. तिला मी भावासमोर गप्प केले.

हे मी त्याच संध्याकाळी बोलून टाकायला हवे होते. बोललो नाही. खड्डे बुजवले, तिसऱ्या खोडाभोवती लहान आळे केले, वर उसाचे पाचट अंथरले आणि रोज थोडे थोडे पाणी घालू लागलो. तिसऱ्या दिवशी स्वयंपाकघराच्या मागच्या पायरीवर तांदळाच्या पाण्याचे पातेले ठेवलेले दिसले. दार लोटलेले होते. मी ते उचलून खोडाशी ओतले आणि पातेले धुऊन पुन्हा पायरीवर ठेवले. दुसऱ्या दिवशीही ते होते. भाऊ मात्र तोवर आपली हकिगत बाजारपेठेपर्यंत घेऊन गेला होता.

महाशिवरात्रीला सकाळी, पाचट बाजूला करून पाहताना, बुडख्याशी दोन तांबडे ठिपके दिसले. मोहरीहून लहान. मी चष्मा पुसून पुन्हा पाहिले. ते डोळेच होते. पण उद्या ती येणार होती, आणि तिच्यासमोर उभ्या असणार होत्या त्या तीन वाळक्या काठ्या.

दुसऱ्या दिवशी अकराच्या सुमारास मुलगी तिला घेऊन आली. पुढच्या दाराने आत येऊन बसायचे सोडून तिने वॉकर परसाच्या दिशेने वळवला. सगळे तिच्यामागे, मुलगा तिच्या कोपराशी, भाऊ आपणहून. पायरी उतरायला तिला फार वेळ लागला.  ती झाडापुढे उभी राहिली, वर पाहिले, खाली पाहिले. मग एक हात वॉकरवर ठेवून दुसऱ्या हाताच्या नखाने तिने एकेक खोड खरवडले. तिसऱ्यापाशी ती थांबली, आणि सुनेला तिने पाचट सारायला लावले. ते दोन ठिपके रात्रीत उघडून चार पाने झाली होती, तांब्याच्या रंगाची.

“ह्या अंगाला पानी कुणी घातलं?” तिने विचारले.

सुनेने माझ्याकडे पाहिले नाही. कुणाकडेच पाहिले नाही. भाऊ पुढे सरसावला. “त्याचं काय झालं वहिनी, दादांनी ताण दिला हुता येवस्थित, पर मधीच—”

“तू थांब,” मी म्हणालो. “पाणी तिनं घातलं. मी बंद केलं. खाली मुरूम आहे. तो मीच टाकला होता आणि मीच विसरलो. दोन खोडं माझ्यामुळे गेली. तिसरं तिचं आहे.”

इतके सलग मी घरात कधी बोललो असेन असे वाटत नाही. निदान या प्रकारचे नाही. भावाने मान दुसरीकडे वळवली. मुलगा भिंतीकडे, त्या करवतीकडे बघत होता. पत्नी मात्र माझ्याकडे बघत होती. तिने रागवावे अशी माझी तयारी होती.

“मी गाडीत काय सांगितलं हुतं?” ती म्हणाली.

“पाणी चुकवू नका.”

“मग?”

 तिने मुलाला करवत आणायला सांगितली आणि मला म्हणाली, “ही दोन काढा. आज काढा, म्हंजे तिसऱ्याला जोर मिळंल.” तिच्या वडिलांच्या बागेतल्या झाडाची दोन खोडे मी तिच्यासमोर, ती खुर्चीवर बसून बघत असताना, कापली. करवत चालवताना मुलाने दुसऱ्या टोकाने खोड धरले होते. दुसरे खोड पडल्यावर ती सुनेला म्हणाली, “आजपसनं ह्येचं पानी तुज्याकडं. ह्यांनी आळं तेवढं करायचं.” माझ्याकडे तिने त्याविषयी विचारणा केली नाही.

आता पुढचा पौष तोंडावर आला आहे. चार पानांच्या जागी आज कमरेएवढे, दाट, हिरवे झुडूप आहे. त्याला यंदा बहार नाही, फळ नाही. मुरमाच्या हिशेबाने बावीस दिवसांचा हलका ताण द्यावा, की झाडाला आणखी एक वर्ष मोकळे सोडावे, असा प्रश्न मी परवा सुनेसमोर ठेवला. ती धुणे वाळत घालत होती, परसातच. तिने चिमटे हातात तसेच ठेवून झाडाकडे पाहिले.

“यंदा नको, मामा,” ती म्हणाली. “नवीन फूट आहे. पुढल्या वर्षी बघू.”

भावाने हेही ऐकले आणि आता तो सांगत हिंडतो, की दादांनी सगळी विद्या सुनेच्या हवाली केली. ते खरे नाही. मी एक प्रश्न विचारला आणि तिने बरोबर उत्तर दिले. नव्या फुटीला पहिल्या वर्षी ताण देऊ नये, हे कुठलाही जाणता बागायतदार सांगेल. तिचे उत्तर बरोबर होते, हे मी अजून तिला सांगितलेले नाही.